रुतणे आणि फसणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी बोनसवर किंवा कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी चिखलावर बोलणार आहे. चिखल, दलदल, गाळ ही जमिनीची नावे आणि रुतणे, फसणे, अडणे ही माणसाच्या अडचणीची नावे आपल्या भाषेत एकमेकांशेजारी कशी येऊन बसली, आणि त्यांच्या इतिहासातून आपल्याला काय कळते, हा आजचा विषय आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा पंडिताची अपेक्षा माझ्याकडून करू नये. पण शब्दांवर पंडितांचा जितका हक्क, तितकाच ते रोज वापरणाऱ्यांचाही आहे, एवढ्या बळावर मी उभा आहे.

संघटनेच्या कामात माणसे माझ्याकडे येतात ती तक्रार घेऊन. गेली कित्येक वर्षे मी ऐकत आलो की माणूस आपली अडचण सांगताना कोणत्या क्रियापदाने सांगतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. कोणी म्हणतो, 'साहेब, मी रुतलो.' कोणी म्हणतो, 'मी अडलो.' कोणी म्हणतो, 'मी फसलो.' पहिल्या ऐकण्यात तिन्हींचा अर्थ एकच वाटतो. तो एक नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

आरंभ संस्कृतापासून करू. अमरकोशात चिखलाला पाच नावे दिली आहेत: निषद्वर, जम्बाल, पंक, शाद आणि कर्दम. यांपैकी पंक आणि कर्दम आपल्याला परिचित आहेत. निषद्वर हा शब्द आज कोणी वापरत नाही, पण तो विचार करण्याजोगा आहे. त्यात 'सद्' हा धातू आहे. सद् म्हणजे बसणे, आणि बसता बसता खाली जाणे, खचणे. जिथे पाय बसतो, चाक बसते, ती जागा निषद्वर. त्याच सद् धातूपासून विषाद आणि अवसाद हे शब्द झाले. अर्जुनाला झाला तो विषाद. म्हणजे जमिनीत पाय बसणे आणि मन बसणे या दोन गोष्टींना आपल्या पूर्वजांनी एकाच धातूने बांधले आहे. आपण आजही तेच करतो. पाया खचतो असे म्हणतो, आणि मन खचले असेही म्हणतो.

या 'सद्'च्या दोन जुन्या उपमा आहेत आणि दोन्ही चिखलाच्याच आहेत. एक मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. ज्या राजाच्या न्यायसभेत शूद्र धर्मनिर्णय करतो, त्याचे राष्ट्र त्याच्या डोळ्यांदेखत, चिखलात गाय रुतावी तसे खचत जाते, असे तिथे म्हटले आहे. दुसरी धम्मपदाच्या नागवग्गात आहे. चिखलात रुतलेला हत्ती जसा स्वतःला वर काढतो, तसे तुम्ही स्वतःला या दुर्गम जागेतून वर काढा, असा तिथे उपदेश आहे. या गाथेवरील अट्ठकथेत गोष्ट येते, ती अशी. कोसलच्या राजाचा एक म्हातारा युद्धहत्ती चिखलात रुतला. माहुताने त्याला दोर लावले नाहीत. त्याने त्याच्याजवळ रणवाद्ये वाजवली. तो आवाज ऐकून हत्तीच्या अंगात जुने बळ संचारले आणि तो आपल्या पायांनी बाहेर आला.

चिखल तोच, धातूही तोच. पण एका ठिकाणी राजा बघत उभा आहे आणि गाय खाली जाते आहे. दुसऱ्या ठिकाणी जो रुतला त्यालाच हाक आहे. पहिली उपमा कोरड्या काठावरून दिलेली आहे. चिखलात राबणाऱ्या जातीने निवाडा केला की राज्य चिखलात जाईल, ही भीती काठावरचीच. या मनुस्मृतीचे दहन महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाले. महाड त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले. हा जिल्हा लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला तिथेच जायचे आहे.

संस्कृतात सगळीच दृष्टी काठावरची होती असे मात्र नाही. पुष्कळ घरांत श्रीसूक्त म्हणतात. त्यात लक्ष्मीबरोबर कर्दम आणि चिक्लीत यांनाही घरी येऊन राहण्याची विनंती आहे. कर्दम म्हणजे चिखल आणि चिक्लीत म्हणजे ओल. परंपरेने यांना लक्ष्मीचे पुत्र मानले आहे. ज्याने हे सूक्त रचले त्याला ओल्या मातीतून धान्य येते आणि धान्यातून लक्ष्मी येते, हे ठाऊक होते. आपण सूक्त म्हणतो आणि उंबऱ्यावर चिखलाचे पाऊल दिसले की ओरडतो!

आता आपल्या 'चिखल' या शब्दाकडे येऊ. हा पंकापासूनही आला नाही आणि कर्दमापासूनही नाही. पालीत आणि प्राकृतात 'चिक्खल्ल' असा शब्द आहे. तो लोकांच्या तोंडचा. संस्कृत कोशात 'चिखल्ल' म्हणून तो सापडतो, पण तिथे तो पाहुणा आहे. पालीत हा शब्द भिक्षूंच्या आचारनियमांत येतो, आणि कसा येतो ते बघण्यासारखे आहे. स्नानगृहाच्या जमिनीत चिखल होऊ लागला, तेव्हा तिथे विटांची, दगडांची किंवा लाकडाची फरसबंदी करण्यास अनुज्ञा दिली आहे. चिखल झाला, तर वीट टाका, दगड टाका, फळी टाका. दोन हजार वर्षांहून जुना हा शब्द आपल्यापर्यंत आला तो उपायासह आला. तुच्छता त्यात नाही.

मराठीत चिखलाची किती नावे आहेत ते पाहा. पाऊस पडून वाटेवर होतो तो चिखल. त्याहून पातळ आणि घाण तो रेंदा. माणसांनी, गुरांनी तुडवून तुडवून होतो तो राडा. हाच राडा गावात पायाखाली असतो आणि मुंबईत त्याचा अर्थ मारामारी असा झाला. भिंतीसाठी मुद्दाम कालवतात तो गारा. पाण्याच्या तळाशी बसतो तो गाळ. वरून घट्ट दिसते आणि आत पाय ओढते ती दलदल. पाणी मुरत नाही ती चिबड जमीन. क्षार वर येऊन नापीक होते ती चोपण किंवा क्षारपड. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना उसाला अति पाणी दिल्यावर हे शब्द नव्याने शिकावे लागले. भरतीचे पाणी ज्यावर येते ती खार, खाजण. गोव्यात याच खाजण जमिनी बांध घालून लागवडीखाली आणल्या, पाणी आतबाहेर सोडायला मानस म्हणून लाकडी दारे बसवली आणि तिथे खाऱ्यात तग धरणारे कोरगुट भात पिकवले. आणि कोकणात, मावळात भातलावणीपूर्वी पाणी भरलेल्या खाचरात नांगर फिरवून चिखल मुद्दाम करावा लागतो, त्याला म्हणतात चिखलणी. ज्या कामाला चिखल करणे हेच नाव आहे, त्या कामावर आपला भात अवलंबून आहे.

गाळ शब्दाची तर मौज आहे. तो गाळणे या क्रियापदातून आलेला. गाळून खाली उरतो तो गाळ. 'तो गाळात गेला' म्हणजे त्याचे वाटोळे झाले, असे आपण म्हणतो. पण धरणाचे पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या त्याच गाळावर गाळपेर करून माणसे पीक घेतात. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना सुरू केली. धरणात जो रोग, तोच शेतात औषध. तेव्हा वाईट काय ते गाळ नव्हे. कोण कुठे आणि कशासाठी त्यात उभा आहे, हा प्रश्न आहे.

आपली गावेसुद्धा ही नावे अंगावर घेऊन आहेत. चिखली आहे, चिखलठाणा आहे, चिखलोली आहे. मुंबईत चिखलवाडी आहे, खार आहे, उमरखाडी आहे. मुंबई मुळात सात बेटांची. मध्ये भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. पायधुनी हे नाव तिथे खाडीच्या उथळ पाण्यात पाय धुऊन पलीकडे जात, यावरून पडले असे सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी गव्हर्नराच्या काळी वरळीचा बांध घातला गेला आणि मधली खळगी भरून यायला सुरुवात झाली. पुढे शंभर-दीडशे वर्षे भराव चालूच होता. त्या भरावाच्या पाट्या ज्यांनी वाहिल्या त्यांची नावे कुठल्या रस्त्याला नाहीत. बांधाला नाव मात्र गव्हर्नराचे पडले.

इथवर जमिनीचे शब्द झाले. आता अडचणीचे शब्द पाहू. मराठीत हे शब्द निरनिराळ्या वाटांनी आले आहेत. एक वाट घाटाची. संकट म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळी जागा. अडचण म्हणजेही दाटीची जागा. 'अडचणीत ठेवलेला हंडा' असे आपण अजूनही बोलतो. कोंडी ही त्याच कुळातली. दुसरी वाट परभाषेची. पेच हा फारसीतून आलेला, त्याचा अर्थ पीळ. गोत्यात येणे यातला गोता अरबी-फारसीतून आलेला, त्याचा अर्थ बुडी. आणि तिसरी वाट चिखलाची. पाय रुतला, चाक रुतले, पाय खोलात गेला, गाळात गेला, गाडे अडले.

चिखलाच्या वाटेने आलेल्या शब्दांत एक विशेष आहे. ते गाडीवानाचे शब्द आहेत. काळ्या मातीच्या मुलखात पक्के रस्ते होण्यापूर्वी पावसाळ्यात गाडी चालणेच मुश्कील होते, म्हणून माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. गाडी काढलीच आणि चाक आखापर्यंत गेले, तर काय करायचे याचा क्रम ठरलेला असे. आधी माल उतरवा. चाकापुढे दगड, फांद्या, पाचोळा टाका. दुसरी बैलजोडी मागवा. मग जो वाटेने जात असेल त्याने चाकाला खांदा द्यायचा. गाडी कुणाची, माल कुणाचा, हे विचारायचे नाही. पाय रुतला तरी रीत आहे. सरळ वर ओढू नये. जितके ओढाल तितका चिखल खालून धरतो. टाच हळूहळू हलवून आत वारा जाऊ द्यावा, फळीवर वजन द्यावे आणि दुसऱ्याचा हात धरावा. आपला 'हातभार' हा शब्द आज वर्गणीच्या पावतीवर येतो. पण त्यात हातही आहे आणि भारही आहे.

रुतलेल्या चाकाची सर्वांत मोठी गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, ती कर्णाची. भर युद्धात भूमीने रथाचे चाक गिळले. कर्ण खाली उतरला आणि एकटा चाक उपसू लागला. सारथी शल्य हा तर कर्णाचे तेज कमी करीन, असा शब्द धर्मराजाला देऊन बसलेला. शापाचे काय ते पुराणिक सांगतील. माझ्यासारख्याला त्यात एवढेच दिसते की अठरा अक्षौहिणींच्या त्या गर्दीत त्या चाकाला दुसरा खांदा नव्हता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रुतणे हे चिखलाचे क्रियापद आहे. फसणे हे चिखलाचे नव्हे. फसणे हे फास या शब्दाच्या घरातले आहे, आणि फास म्हणजे पाश, दोरीचा गळफास. म्हणजे तो पारध्याचा शब्द. चिखलात फसला असे आपण म्हणतो खरे, पण तिथे तो शब्द उसना आहे. फास आपोआप पडत नाही, कोणीतरी लावतो. म्हणूनच फसणे याचे दोन अर्थ आहेत, अडकणे आणि ठकवले जाणे. भाषेने हे दोन अर्थ उगाच एकत्र ठेवलेले नाहीत.

व्याकरणात याची खूण सापडते. अडणे, त्याचे अडवणे. नडणे, त्याचे नाडणे. फसणे, त्याचे फसवणे. बुडणे, त्याचे बुडवणे. प्रत्येक अडचणीच्या मागे ती अडचण करणारा उभा राहू शकतो, आणि त्याच्यासाठी क्रियापद तयार आहे. त्यावरून अडवणूक झाली, फसवणूक झाली. पिळवणूक, नागवणूक ही त्यांचीच भावंडे. आता रुतणे घ्या. खिळा रुतवला, खांब रुतवला असे म्हणता येईल. पण 'मालकाने मला रुतवले' असे कोणी म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. चिखल कुणाचा वैरी नसतो. तो कुणाकडून अंगठा घेत नाही, व्याज लावत नाही. म्हणून रुतलेल्याला खांदा पुरतो. फसलेल्याला खांदा पुरत नाही. दोरीचे दुसरे टोक कुणाच्या हातात आहे, ते आधी बघावे लागते.

हा फरक न कळल्यामुळे काय होते? फसवलेला माणूस स्वतःला रुतलेला समजतो. 'नशीबच चिखलात, कुणाला काय बोलणार?' असे म्हणून तो गप्प बसतो. आणि ज्याने फास लावला तोही त्याला हेच सांगत असतो की, बाबा रे, ही जमीनच अशी आहे.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून आता आपण कुलाबा जिल्ह्यात जाऊ. १९८१ पासून त्याला रायगड म्हणतात. अलिबाग तालुक्याच्या खाडीकाठी खारेपाट म्हणून मुलूख आहे. मूळची भरतीच्या पाण्याखालची खाजण जमीन. तिथल्या शेतकऱ्यांनी, त्यांत आगरी समाजाचे लोक बहुसंख्य, पिढ्यान्‌पिढ्या चिखलाचे बांध घालून ती समुद्रापासून सोडवली. बाहेरचा बांध समुद्राच्या उधाणाला तोंड देतो, त्याला बाहेरकाठा म्हणतात. बांधात उघाड्या असतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते, भरतीला दार मिटते. पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि मग भात होते. बांधाला भगदाड पडले की त्याला खांड म्हणतात. खांड पडली की समुद्र आत येतो आणि एका उधाणात पीक तर जातेच, पण जमीनही पुढची काही वर्षे खारी होते. म्हणून खांड बुजवायला सारा गाव धावतो. तिथे चिखलाचे ढेकूळ हातोहात जाते. ज्याच्या शेतासमोर खांड पडली त्यानेच ती बुजवावी असे म्हणून चालत नाही, कारण समुद्र शेताची हद्द ओळखत नाही.

अशा लोकांना चिखलाची भीती नव्हती. ते रुतणारे नव्हते. तरी ते अडचणीत होते, कारण जमीन त्यांच्या कष्टाने झाली तरी नावावर खोतांच्या आणि सावकारांच्या होती. पिकातला मोठा वाटा खंड म्हणून धान्यात जाई. खोतीच्या मुलखात खंडाखेरीज वेठही करावी लागे. पीक बुडाले तर बाकी राही, बाकीवर वाढ चढे, आणि कुळाला जमिनीवरून काढण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. हा चिखल नव्हता, फास होता. पण पिढ्यान्‌पिढ्या तो जमिनीच्याच गुणासारखा अंगवळणी पडला होता.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी या गावी शेतकऱ्यांची सभा झाली. तिचे पुढारी नारायण नागू पाटील. त्या सभेत संपाचा निर्णय झाला. संप म्हणजे गिरणीचा, हे आपल्याला माहीत होते. हा शेतीचा संप होता. कुळांनी ठरवले की या अटींवर जमीन कसायची नाही. पंचवीस गावे या संपात उतरली. ज्या माणसाने बापजाद्यांच्या हातचा बांध जपला, त्याने पावसाच्या तोंडावर नांगर बाजूला ठेवायचा, चिखलणी करायची नाही, डोळ्यांसमोर खाचरात गवत वाढू द्यायचे, याला काय लागले असेल त्याची कल्पना करावी. आणि हे एका हंगामाचे नव्हे. १९३३ ला सुरू झालेला संप १९३९ पर्यंत चालला. लाकूडफाटा विकून, मासे धरून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी दिवस काढले. कुणी एकाने फुटून जमीन कसायला घेतली असती, तर बांधाला पडते तशी खांडच पडली असती. ती पडू नये म्हणून धावण्याची सवय त्यांना आधीपासून होती. माझे मत असे की, चरीच्या शेतकऱ्यांना एकजूट कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. बाहेरकाठ्याने शिकवली.

ही चळवळ खारेपाटापुरती राहिली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. १९३९ साली मुंबई कूळकायदा झाला आणि संरक्षित कूळ ही गोष्ट कायद्यात आली. १९४८ साली त्याहून व्यापक कूळकायदा आला, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून त्या दिवसापासून कसणारा तो मालक हे तत्त्व अमलात आले. १९४८ सालीच खारजमिनींच्या बांधांसाठीही कायदा झाला. पुढे १९७९ ला दुसरा झाला. हे सगळे एकट्या चरीमुळे झाले असे मी म्हणत नाही. अनेकांचे खांदे लागले. पण ज्यांना जन्मभर 'ही जमीनच अशी' असे सांगितले गेले होते, त्यांनी जमिनीचा दोष आणि माणसाचा दोष वेगवेगळा करून दाखवला, ही चरीची कामगिरी आहे. चिखल त्यांनी शत्रू मानला नाही. तो त्यांनी कसला, जपला आणि अखेर आपल्या नावावर करून घेतला.

आता कोणी म्हणेल की, तुम्ही संघटनेचे लोक, तुम्हाला प्रत्येक चाक खांद्याने निघते असे वाटते. तसे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही. खांद्यांची तिथे कमतरता नव्हती. तरी चाक निघाले नाही आणि हजारो संसार उघड्यावर आले. पुढे त्या गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. म्हणून मी तरुण कार्यकर्त्यांना नेहमी म्हणतो की, 'खोलात पाय' ही म्हण घाबरटाची नाही, माहितगाराची आहे. ओढा ओलांडणारा काठीने खोली बघतो आणि मग पाय टाकतो.

आणि फास जुने झाले म्हणून संपलेले नाहीत, नावे बदलली. आजचा एक शब्द सांगतो, 'उचल'. बीडकडचे ऊसतोड कामगार गाळप हंगामाच्या आधी मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यामागे उचल. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. उचल! चिखलात रुतलेल्याला जे करायचे, त्या क्रियेचे हे नाव. घेताना वाटते की कुणीतरी आपल्याला उचलले. हंगाम संपता संपता कळते की पाय आणखी खाली गेला. असा एक जोडीदार एकदा माझ्यापुढे हिशेबाची वही घेऊन बसला होता. वही मुकादमाची, अक्षर मुकादमाचे, अंगठा याचा. तो मला म्हणाला, "भाऊ, आमचं नशीबच गाळात." मी त्याला बेरीज करून दाखवली. ती चुकली होती, आणि प्रत्येक पानावर एकाच बाजूला चुकली होती. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "म्हंजी मला फसवलंय." त्याचे कर्ज त्या क्षणी एका रुपयानेही कमी झाले नाही. पण क्रियापद बदलले, आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी चारजणांना घेऊन आला. कर्जापायी माणसाला कामाला बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि असे वेठबिगारीचे कर्ज त्या कायद्याने रद्द ठरते. पण कायदा हा फळीसारखा आहे. ती चिखलावर कुणीतरी नेऊन टाकावी लागते.

श्रोतेहो, आपण या गावचे नागरिक आहात. कुणी शिक्षक, कुणी व्यापारी, कुणी बँकेत, कुणी कचेरीत. आपल्या टेबलापाशी, दुकानापाशी, दारापाशी रोज कुणी ना कुणी अडलेला येत असतो. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो, पण त्यात हरीची जेवढी लाज आहे तेवढीच पाय पुढे करणाऱ्याचीही आहे. माझी विनंती एवढीच आहे की, त्या माणसाचे क्रियापद नीट ऐकावे. तो खरोखर रुतला असेल, पावसाने, आजाराने, अपघाताने, तर त्याला उपदेश करू नये, खांदा द्यावा. आणि त्याला कोणी अडवले, नाडले, फसवले असेल, तर नुसता खांदा देऊन त्याची बोळवण करू नये. फासाची गाठ कुठे आहे ते त्याच्याबरोबर बसून शोधावे. काठावरून शिंतोडे अंगावर न येऊ देण्याची खबरदारी घेणारे पुष्कळ आहेत. फळी घेऊन पुढे येणारे थोडे आहेत. या सभेतून त्या थोड्यांत चार-दोघांची भर पडली, तरी चिखलावर घालवलेला हा तास माझ्यापुरता सत्कारणी लागला असे मी समजेन.